कोकणकड्याचा सूर्यास्त: तीन एक्स्पोजर जोडले की पुढची सोनकी सॉफ्ट का येते?

रानवाट

मंडळी, एक प्रश्न आहे, जरा लांबलचक आहे पण सेटिंग्ज वगैरे सगळं सांगितल्याशिवाय कुणाला नीट उत्तर देता येणार नाही म्हणून सविस्तर लिहितेय.

हरिश्चंद्रगडावरून कोकणकड्याचा सूर्यास्त, पाऊस ओसरून सोनकी, ती पिवळी रानफुलं, फुललेली असते तेव्हाचा. फ्रेम अशी की अगदी पुढे सोनकीचा ताटवा, लेन्सपासून जेमतेम अर्ध्या मीटरवर, त्याच्या मागे गवत आणि कातळ, मग कड्याची ती आत वळलेली कमान, खाली कोकण आणि समोर सूर्य. कॅमेरा कॅननचा २०० डी मार्क २, लेन्स १०-१८, ट्रायपॉडवर. १० एमएमला फुलं भलीमोठी दिसतात पण कडा इतका बारका होतो की त्याचा सगळा दराराच निघून जातो, म्हणून १८ वर घेतलं. एफ/११ (लेन्सचं भोक, आकडा मोठा तितकं भोक लहान), आयएसओ १०० (सेन्सरची संवेदनशीलता), फोकस लांबच्या डोंगरावर आणि ब्रॅकेटिंग लावून, म्हणजे एकाच फ्रेमचे कमी जास्त उजेडाचे, तीन फोटो, १/१२५, १/३० आणि १/८ सेकंद.

घरी लाइटरूममध्ये एचडीआर मर्ज केलं, म्हणजे ते तिन्ही जोडून एक फोटो केला. आकाश मस्त आलंय, सूर्याभोवतीचा रंग टिकलाय, कडाही छान. पण सोनकी! मोबाईलवर बघितलं तर बरी वाटते, जरा झूम केलं की पाकळ्यांना काठच नाहीत आणि काही ठिकाणी एका फुलाची दोन फुलं झालीत. एफ/२२ वर पण घेतले होते काही फोटो, त्यात पुढचं मागचं सगळंच थोडं थोडं सॉफ्ट आहे.

तर हा नक्की फोकसचा प्रॉब्लेम आहे, वाऱ्याचा आहे की मर्जचा? आणि फोकस स्टॅकिंग (वेगवेगळ्या फोकसचे फोटो जोडणं) आणि एक्स्पोजर ब्लेंडिंग (वेगवेगळ्या उजेडाचे फोटो जोडणं) दोन्ही करायचं असेल तर क्रम काय, प्रत्येक फोकसला तीन तीन एक्स्पोजर घ्यायचे का? पुढच्या सीझनला परत जाणार आहे आणि मला हा फोटो मोठा प्रिंट करून भिंतीवर लावायचाय, त्यामुळे चालून जाईल असं नकोय. फोटोशॉप आहे माझ्याकडे.

तिपाई

तिन्ही आहेत, आणि तिन्ही एकावर एक चढलेत म्हणून फुलं इतकी गेलीत. एकेक बघू.

फोकस आधी. तुमच्या सेन्सरला १८ एमएम, एफ/११ ला हायपरफोकल अंतर, म्हणजे जिथे फोकस केला की त्याच्या निम्म्यापासून पार लांबपर्यंत सगळं शार्प येतं ते, येतं साधारण १.६ मीटर. फोकस लांबच्या डोंगरावर ठेवला तर साधारण तिथपासून पुढचं शार्प, म्हणजे दीड मीटरच्या आतलं सगळं सॉफ्टच येणार आणि तुमची सोनकी अर्ध्या मीटरवर आहे. बरोब्बर हायपरफोकलवर फोकस केला असता तरी जवळची हद्द ८० सेंमीच्या आसपास. म्हणजे या फ्रेममध्ये एका फोकसमध्ये काम होणारच नव्हतं. एफ/२२ ला कागदावर ४० सेंमीपासून सगळं शार्प यायला पाहिजे, पण तिथे डिफ्रॅक्शन आडवं येतं, म्हणजे बारीक भोकातून जाताना प्रकाश पसरतो. २४ मेगापिक्सेलच्या क्रॉप सेन्सरवर एफ/११ च्या पुढे बारीक डिटेल मरायला लागतं आणि एफ/२२ ला तर प्रकाशाचा एक बिंदूच जवळजवळ ३० मायक्रॉनचा ठिपका होऊन बसतो, तुमचा पिक्सेल आहे पावणेचार मायक्रॉनचा. शिवाय एफ/२२ ला शटर गेलं १/२ सेकंदावर, कड्यावरच्या वाऱ्यात अर्धा सेकंद स्थिर राहणारं फूल अजून उगवायचंय.

आता वारा. ब्रॅकेटिंगमध्ये होतं काय की सगळ्यात उजेडाचा फोटो, ज्यात तुमची फुलं नीट एक्स्पोज झालीत, तोच सगळ्यात संथ शटरचा असतो. तुमच्या केसमध्ये १/८. म्हणजे जी गोष्ट फ्रेममध्ये सगळ्यात जास्त हलते तिलाच आपण सगळ्यात संथ शटर देतो. कोकणकड्यावर संध्याकाळी वारा खालून वर येतो, ते तुम्हाला मी सांगायला नको.

आणि मर्ज. तीन फोटोंत फूल तीन जागी आहे. डीघोस्ट, म्हणजे हललेल्या गोष्टी दोनदा दिसू नयेत म्हणून असलेला पर्याय, बंद असेल तर एकाची दोन फुलं दिसतात, चालू असेल तर लाइटरूम त्या भागापुरता एकच फोटो उचलतं, आणि तो कुठला हे आपल्या हातात नसतं. मर्जच्या खिडकीत डीघोस्ट ओव्हरले दाखवायचा पर्याय आहे, तो ऑन करून बघा, सोनकीचा सगळा ताटवा रंगलेला दिसेल.

माझं सांगणं एवढंच आहे की प्रत्येक भागासाठी एकच फोटो ठरवून घ्या आणि तो त्या भागाला हवा तसा घ्या. फुलांना जलद शटर पाहिजे, आकाशाला कमी एक्स्पोजर पाहिजे, कातळाला काहीच नको, तो बिचारा जागेवर आहे. सॉफ्टवेअरला पोतं भरून फोटो दिले आणि म्हटलं कर काहीतरी, तर ते सरासरी काढणार.

एफ/८ ला १८ एमएमवर माझं गणित असं:

पहिला फोकस अर्ध्या मीटरवर, फुलांवर. यात साधारण ४० ते ६५ सेंमी शार्प.
दुसरा ९० सेंमीवर, यात ६५ सेंमी ते दीड मीटर.
तिसरा दोन मीटरवर, इथून एक मीटरपासून पार पंचवीसेक मीटरपर्यंत.
चौथा लांबच्या डोंगरावर.

प्रत्येकाची हद्द पुढच्याला भिडतेय की नाही ते महत्त्वाचं, मध्ये फट राहिली तर गवताचा एक धूसर पट्टा येतो आणि तो प्रिंटमध्ये लगेच डोळ्यात भरतो. मोठ्या प्रिंटसाठी मी तर अजून एखादा फोकस मधे टाकतो.

एक्स्पोजर चारही फोकसला तीन तीन घ्यायची काहीच गरज नाही. बारा फोटो होतील आणि त्यातले निम्मे अर्धे उपयोगाचे नसतील. जवळच्या फोकसला आकाश जळलेलं असो नाहीतर काळं असो, ते आपण वापरणारच नाही. फुलांचा फोटो: आयएसओ ८००, १/१२५, एफ/८. तुमच्या १/८ एफ/११ च्या फोटोइतकाच उजेड येतो, फक्त शटर सोळापट जलद. वारा जास्त असेल तर आयएसओ १६०० आणि १/२५०. नॉइज येईल पण जवळच्या फुलात नॉइज दिसत नाही तितका, आणि फोकस त्यात असल्यामुळे डीनॉइज पण छान बसतो. हे फोटो भरपूर घ्या, वारा श्वास घेतो मधे मधे, तेव्हा. मधल्या दोन फोकसला आयएसओ ४०० पुरेल. लांबच्या फोकसला मात्र दोन एक्स्पोजर, एक कड्यासाठी आणि एक आकाशासाठी, दोन्ही आयएसओ १०० ला. झाले पाच फोटो.

तुमच्या लेन्सबद्दल एक, १०-१८ वर अंतराची पट्टीच नाहीये त्यामुळे अंदाजाने रिंग फिरवून नव्वद सेंमी वगैरे जमणार नाही. तुमच्या कॅमेऱ्याला टच स्क्रीन आहे, लाइव्ह व्ह्यूमध्ये सरळ त्या त्या अंतरावरच्या दगडाला बोट लावून फोकस करा. टच शटर तेवढं बंद ठेवा. स्टॅबिलायझर बंद, दोन सेकंदांचा टायमर, आणि ट्रायपॉडची मधली दांडी वर काढू नका.

सह्यधारा

तिपाई यांनी बरंच सांगितलंय, मी थोडं वेगळं मत मांडतो. रानवाट ताई, तुमच्या आकाशाच्या आणि फुलांच्या एक्स्पोजरमध्ये फरक आहे १/१२५ ते १/८ म्हणजे चार स्टॉप, दर स्टॉपला उजेड दुप्पट. आजकालच्या सेन्सरला दोन अडीच स्टॉप सावली उचललेली सहज चालते, चार उचलल्या तर नॉइज आणि रंगांची वाट लागते. मग सूर्य डोंगराच्या मागे गेल्यावर दहाएक मिनिटांनी घ्या की. तेव्हा फरक आपोआप कमी होतो, आकाशाचा रंग बहुतेक वेळा तेव्हाच जास्त चढतो, आणि एका रॉ फाईलमध्ये (कॅमेऱ्याची कच्ची, प्रक्रिया न केलेली फाईल) आकाश आणि जमीन दोन्ही बसतात. मग राहतं फक्त फोकस स्टॅकिंग, अर्धं दुखणं कमी.

ग्रॅज्युएटेड एनडी फिल्टर, म्हणजे वरची बाजू गडद असलेली काच, पण आहे, समुद्रावर मी तोच वापरतो कारण तिथे क्षितिज सरळ रेषेत असतं. कोकणकड्याला डावीकडे उजवीकडे कड्याची भिंत वर आलेली असते, ती पण काळी होऊन बसते, म्हणून तिथे फिल्टर नको.

आणि कृपा करून कड्याच्या काठापासून लांब रहा. पावसानंतरचं गवत घसरडं असतं आणि माणूस लाइव्ह व्ह्यूच्या स्क्रीनकडे बघत मागे पुढे सरकतो. सोनकी आत पण भरपूर आहे, काठावरचीच पाहिजे असं काही नाही.

तिपाई

सूर्य गेल्यावरचा फोटो वेगळा असतो ना पण. त्यांना सूर्यासकट पाहिजे, पाकळ्यांमधून मागून येणारा उजेड तेव्हाच मिळतो, सोनकी पेटल्यासारखी दिसते. सूर्य गेला की फुलं सपाट. बाकी काठापासून लांब रहायचं ते शंभर टक्के.

उलट मी म्हणेन की वेळेचं अंतर जितकं कमी तितकं बरं. काही जण पुढचं चार वाजता वारा नसताना घेतात आणि आकाश साडेसहाचं लावतात. सावल्या एकीकडे, सूर्य दुसरीकडे. बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही पण काहीतरी खटकतं. पाचही फोटो चार पाच मिनिटांत झाले पाहिजेत.

मास्कवाली

आता घरी आल्यावरचं मी सांगते, माझा जास्त वेळ त्यातच जातो.

क्रम: आधी रॉमध्ये सगळ्यांना एकच व्हाइट बॅलन्स आणि एकच लेन्स प्रोफाइल. मग फुलांचा, मधले दोन आणि कड्याचा, या चार फोटोंचा उजेड एकसारखा करून घ्या, डोळ्याने नको, हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) बघून. आकाशाचा फोटो तसाच डार्क राहू दे. सगळे १६ बिटमध्ये फोटोशॉपमध्ये लेअर म्हणून उघडा.

फोकस बदलला की फ्रेम किंचित लहान मोठी होते, म्हणून ऑटो अलाइन लेअर्स करावंच लागतं. इथे एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते, ज्या लेअरला बाकीचे जुळवून घ्यायचेत त्याला आधी लॉक करा. लांबच्या फोकसचा कड्याचा फोटो लॉक करायचा. आकाशाचा फोटो अलाइनला घेऊच नका, त्याचा आणि कड्याच्या फोटोचा फोकस एकच आहे त्यामुळे ट्रायपॉड हलला नसेल तर तो मुळातच जुळलेला असतो, आणि त्यात जमीन काळी असल्यामुळे अलाइनला धरायला काही मिळत नाही, कधी कधी उगाच वेडावाकडा करून ठेवतं.

मग मधले दोन आणि कड्याचा, एवढ्या तिघांना ऑटो ब्लेंड, स्टॅक इमेजेस. दगड आणि कातळ असल्यामुळे ते छान जमतं. फुलांचा फोटो मात्र ऑटो ब्लेंडला देऊ नका!! ऑटो ब्लेंड प्रत्येक ठिकाणी ज्यात काठ जास्त ठसठशीत त्याचा तुकडा उचलतं, आणि फूल प्रत्येक फोटोत वेगळ्या जागी असेल तर एक पाकळी इथली आणि देठ तिथला असं होतं. फुलांचा लेअर सगळ्यात वर, त्याला काळा मास्क, म्हणजे तो लेअर पूर्ण झाकला जातो, आणि पांढऱ्या मऊ ब्रशने हाताने फुलं आणि त्यांच्या आजूबाजूचं गवत उघडायचं. सांधा नेहमी गवतात लपवायचा, मोकळ्या कातळावर तो दिसतो.

आकाशासाठी ल्युमिनॉसिटी मास्क, म्हणजे उजेडावरून बनवलेला मास्क. चॅनल्स पॅनलमध्ये आरजीबीवर कंट्रोल दाबून क्लिक केलं की उजळ भाग सिलेक्ट होतो, आणि कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट तिन्ही दाबून परत क्लिक केलं की अजून आवळतं. हे सिलेक्शन उजळ फोटोवरून काढायचं आणि मास्क डार्क आकाशाच्या लेअरला लावायचा. तुमच्या फ्रेममध्ये एक अडचण येणार ती आत्ताच सांगते, सोनकी पिवळी धमक आणि मागून उजेड, म्हणजे ती पण उजळ, मास्कमध्ये ती पण येणार आणि फुलांवर डार्क आकाशाच्या लेअरमधली काळी, आउट ऑफ फोकस सोनकी चढणार. मग ब्लू चॅनलवरून सिलेक्शन काढून बघा. पिवळा रंग ब्लू चॅनलमध्ये जवळजवळ काळा दिसतो आणि वरचं निळसर आकाश पांढरं, दोघं छान वेगळे होतात. सूर्याच्या जवळ आकाशच केशरी असतं तिथे ही युक्ती चालत नाही, तिथे हातानेच पुसायचं.

कमांडलाइन

ज्यांच्याकडे फोटोशॉप नाही त्यांच्यासाठी लिहून ठेवतो, ह्युजिन या फोटो जोडायच्या सॉफ्टवेअर बरोबर अलाइन इमेज स्टॅक आणि एनफ्यूज असे दोन प्रोग्राम येतात, फुकट आहेत, विंडोज लिनक्स मॅक सगळीकडे चालतात. एनफ्यूज २००७ साली आलेल्या एक्स्पोजर फ्यूजनच्या पद्धतीवर आहे, म्हणजे आधी एचडीआर बनवून मग टोनमॅप (उजेडाचा पल्ला दाबणं) वगैरे करत नाही, प्रत्येक फोटोतले नीट एक्स्पोज झालेले पिक्सेल जास्त वजन देऊन थेट मिसळतं, त्यामुळे ते भडक एचडीआर लुक येत नाही. फोकस स्टॅकिंगला वापरायचं असेल तर एक्स्पोजर वेट शून्य, सॅच्युरेशन वेट शून्य, कॉन्ट्रास्ट वेट एक आणि हार्ड मास्क ऑन करा. हार्ड मास्क विसरलात तर शार्प आणि सॉफ्ट दोन्हीचं मिश्रण होतं आणि मग वाटतं की फोकसच चुकला. पुढे मास्किंग गिंप या फुकट प्रोग्राममध्ये. हलणाऱ्या फुलांना मात्र मास्कवाली म्हणतात तसंच, हाताला पर्याय नाही.

नवखा_क्लिक

खूप शिकायला मिळतंय. पण एक विचारू का, चार पाच फोटो जोडून केलेला फोटो हा खरा फोटो म्हणायचा का? आमच्या ट्रेकच्या ग्रुपवर यावरून दर वेळी वाद होतो.

सह्यधारा

मित्रा, हे काही फोटोशॉपने आणलेलं नाही. १८५६-५७ च्या सुमारास गुस्ताव्ह ले ग्रे नावाचा फ्रेंच फोटोग्राफर समुद्राचे फोटो काढायचा. त्या काळच्या कलोडियनच्या (रसायन लावलेल्या काचेच्या) प्लेटा निळ्या रंगाला फार संवेदनशील होत्या, समुद्र नीट आला की आकाश कोरं पांढरं व्हायचं. त्याने काही फोटोंत आकाशाची एक निगेटिव्ह आणि समुद्राची एक अशा दोन घेऊन क्षितिजाच्या रेषेवर जोडून प्रिंट केलं. आपण आज जे करतोय ते तेच, सांधा पण त्याच जागी.

माझी स्वतःची रेघ अशी आहे की त्या संध्याकाळी, त्या जागेवरून जे डोळ्याला दिसत होतं ते कागदावर यावं. डोळा फुलाकडे बघतो तेव्हा फुलावर फोकस करतो, कड्याकडे बघतो तेव्हा कड्यावर, उजेडाचं पण तसंच. ते पाच फोटो जोडून येत असेल तर मला त्यात काही वावगं वाटत नाही. दुसऱ्या दिवशीचं किंवा दुसऱ्या गावचं आकाश चिकटवलं की मात्र ते मी फोटो म्हणून दाखवणार नाही. आणि ज्या स्पर्धांमध्ये जोडलेले फोटो चालत नाहीत असं नियमात लिहिलंय तिथे पाठवायचा नाही, साधी गोष्ट आहे.

रानवाट

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. तिपाई, तुमचं फोकसचं गणित वहीत उतरवून घेतलंय.

आज घराच्या गच्चीवर सदाफुलीची कुंडी पुढे आणि लांबची टाकी मागे ठेवून चार फोकसचं करून बघितलं, मास्कवाली ताईंनी सांगितलं तसं. ९० टक्के जमलं! फुलं एकदम करकरीत. पण फुलाच्या भोवती एक धूसर वलय येतंय, म्हणजे फूल शार्प आहे, टाकी शार्प आहे, पण फुलाच्या काठाला लागून जी बोटभर जागा आहे तिथे मागची भिंत सॉफ्ट. मास्क कितीही जवळ नेला तरी जात नाही. फोकस अजून जास्त घ्यायला पाहिजेत का?

तिपाई

नाही, फोकस वाढवून ते जाणार नाही. लांबचा फोटो घेताना पुढचं फूल आउट ऑफ फोकस असतं, आणि आउट ऑफ फोकस गोष्ट पसरते, स्वतःपेक्षा मोठी होते. त्या पसरलेल्या फुलाने मागच्या भिंतीचा तेवढा भाग झाकलेला असतो. आता जवळच्या फोटोत तो भाग सॉफ्ट आहे कारण फोकस फुलावर आहे, आणि लांबच्या फोटोत तिथे फुलाचा पसारा आहे. म्हणजे त्या बोटभर पट्ट्यातली शार्प भिंत तुमच्या कुठल्याच फोटोत नाही, मग ब्लेंडिंग ती आणणार कुठून.

उपाय तीन. अ‍ॅपर्चर एफ/८ ऐवजी एफ/११ करा, पसारा कमी होतो, आयएसओ एक स्टॉप वाढवा. दुसरं, लांबचा फोटो घेताना एखादं जास्तच आडवं येणारं फूल हाताने हळूच बाजूला धरा, तोडायचं नाही, फक्त वाकवून धरायचं, आणि तेवढा एक जादा फोटो घ्या, म्हणजे मागचं मोकळं मिळतं. हे फक्त जिथे वाटेवर उभं राहून हात पोचतो तिथेच. कास पठारावर वगैरे असलं अजिबात करू नका, तिथे कातळावर मातीचा थर अगदी पातळ असतो, दवबिंदू नावाच्या वनस्पतीसारखी बोटाच्या पेराएवढी झाडं असतात, ट्रायपॉडचा एक पाय चुकीच्या जागी पडला तरी नुकसान होतं.

तिसरा उपाय मला सगळ्यात आवडतो, फ्रेमच तशी लावायची. कॅमेरा वीतभर वर घ्या आणि थोडा खाली झुकवा, म्हणजे फुलांचे शेंडे कड्याच्या रेषेवर किंवा आकाशात जाणार नाहीत, त्यांच्या मागे गवतच येईल. गवतावरचं वलय कुणाला दिसत नाही, आकाशावरचं आंधळ्यालाही दिसतं. शिवाय मास्कवाली ताईंनी ब्लू चॅनलचं जे सांगितलं ती सगळी खटपटच वाचते कारण फुलं आणि आकाश एकमेकांना शिवतच नाहीत.

मास्कवाली

हो, हे बेस्ट. आणि एखाद दुसरं फूल आकाशात गेलंच तर तिथे वलय आकाशाचंच असतं, मऊ आकाश क्लोन करायला सोपं. अवघड जातं ते फक्त कड्याच्या भिंतीसमोर आलेलं फूल, तेवढं एक टाळा.

रानवाट

कॅमेरा वर घेऊन बघते, उद्या गच्चीवरच. वाकवून धरायचं मला नको वाटतंय, फुलं आहेत तशीच राहू देत. फ्रेम बदलून जमलं तर दोन्ही फोटो, आधीचा आणि नंतरचा, इथे टाकते.